हाक मारून बघा

विजया मॅडमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होत नसे. आधी नावं व्हायची. पांढऱ्या फळ्यावर त्या प्रत्येकाचं नाव लिहायच्या, नुसतं नाव, आडनाव नाही. एकाच नावाचे दोघं निघाले की मार्करला टोपण लावून खुर्चीवर बसायच्या आणि म्हणायच्या, “हे मिटवा. मगच पुढे.” आमच्या तुकडीत दोन स्नेहल होत्या. शाळेत असतं तसं आम्हाला स्नेहल के. आणि स्नेहल पी. म्हणा, असं त्यांच्यातल्या एकीनं सुचवलं. मॅडम म्हणाल्या, “ती सोय मास्तरांची. हाक मारली की दोघी अर्धवट उठतात आणि अर्धवट बसतात.” मोठी-छोटी चालणार नव्हतं, पहिली-दुसरी तर मुळीच नाही. बरं, नाव निवडायचा मान त्यांनी वेळेवर येऊन पुढे बसलेल्या स्नेहलला दिला नाही. मागाहून धापा टाकत जिना चढून आलेल्या स्नेहलला विचारलं, “तुला स्नेहलच राहायचंय का?” ती हो म्हणाली. मग वेळेवर आलेलीला घरचं ‘मनू’ हे नाव चारचौघांत बाहेर काढावं लागलं.

“वेळेवर येऊन काय उपयोग झाला मग?” मनू पुटपुटली. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर केलेली. जो कागद आधी आला त्याला आधीचा नंबर, यापलीकडे न्याय नावाची काही गोष्ट असते हे मला ठाऊक नव्हतं. ही बाई उशिरा येणाऱ्यांचे लाड करते, असं मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. माणसांबद्दलची माझी मतं अशीच झटपट तयार होतात आणि पुढे ती मोडायला फार वेळ लागतो.

मी तिथे गेलो त्याला कारण होतं. आमच्या घराण्याची माहिती एका वेबपेजवर घालावी, म्हणजे इकडेतिकडे पांगलेल्या नातेवाइकांना ती बघता येईल, असं निवृत्तीनंतर माझ्या मनात आलं. मुलगा आयटीत आहे. “बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी वीकेंडला करून देतो,” असं तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी वीकेंड आले नि गेले. शेवटी कसब्यातून चालत जाताना एका दारावर पाटी दिसली : ‘वेबपेज करायला शिका. वयाची अट नाही. चिकाटीची आहे.’ मी जिना चढलो. समोर पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, सुती साडीची निरी जरा वर खोचलेल्या बाई होत्या. मी विचारलं, “माझ्या वयाच्या माणसाला जमेल का हो?” त्या म्हणाल्या, “टायपिंग बोटांनी करतात, वयानं नाही. बोटं आणलीयत ना? मग बसा, काका.” माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान असलेल्या बाईनं मला काका म्हणावं हे मला लागलं, पण फी भरून झाली होती.

हा क्लास म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. खाली पूर्वी त्यांच्या वडिलांचं, हेंद्र्यांचं, भांड्यांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मागच्या खोलीत मॅडम आणि त्यांची आई राहायच्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांमधलं दार कायम उघडं असे, कारण आई ऐंशीच्या पुढच्या होत्या आणि त्यांना कधी काय लागेल याचा नेम नव्हता. शिकवणं रंगात आलेलं असताना आतून खणखणीत हाक यायची, “अगं!” मॅडम वाक्य तिथेच सोडून “ओ, आले” म्हणायच्या, आत जाऊन यायच्या, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा जोडायच्या. आईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या स्वतः मोठ्यांदा बोलायच्या. स्वयंपाकाच्या बाईंना त्या ‘सुनंदाबाई’ म्हणत, क्लासच्या पोरींना ‘ए मुली’, मला ‘दामले’. ‘अगं’ म्हटलं की मॅडम, हे आम्हाला दुसऱ्या दिवसापासून न सांगता कळलं होतं.

मॅडमचं शिकवणं भांड्यांतून चालायचं. वेबपेज म्हणजे एकाखाली एक मांडलेले तुकडे. त्यातला नेमका एक तुकडा ओळखता यावा म्हणून त्याला एक नाव देतात, त्याला आयडी म्हणायचं. हे सांगायला त्यांनी पहिल्याच आठवड्यात आतून दोन पितळी डबे आणले. दोन्ही सारखेच, पण एकावर त्यांच्या आजीचं नाव टिंबाटिंबांनी ठोकलेलं. “लग्नाकार्यात सगळ्या आळीची भांडी एकत्र घासायला पडायची,” त्या म्हणाल्या. “पातेली किती, तर पन्नास. पातेलं ही झाली जात, ती पन्नासांची एक असेल. पण कार्य उरकल्यावर आमचं पातेलं आमच्या घरी यायला हवं की नको? म्हणून नाव घालायचं. जात पन्नासांची मिळून एक, नाव एकट्याचं.” सना शेख म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती, तिचे आजोबा जवळच अत्तराचं दुकान चालवायचे. ती म्हणाली, “मॅम, आमच्याकडे पण अम्मीच्या सगळ्या डेगच्यांवर नाव आहे. आणि तरी एक मावशीकडे गेलीय ती आलीच नाही.” मॅडम म्हणाल्या, “तो प्रोग्रॅमिंगचा प्रश्न नाही, मावशीचा आहे.”

नाव देण्याबाबत त्या कमालीच्या काटेकोर. नावात मोकळी जागा सोडायची नाही. मोठ्या एबीसीडीतलं अक्षर आणि छोटीतलं अक्षर ही दोन वेगळी माणसं समजायची. आणि नाव वाचून समोर कोण आहे ते कळलं पाहिजे. मी सवयीनं माझ्या पानावरच्या तुकड्यांना नंबर दिले होते, बॉक्स एक, बॉक्स दोन, असे ओळीनं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “काका, ही तुमच्या घरातली माणसं ना?” मी हो म्हटलं. “मग त्यांना असे नंबर कशाला? येरवड्याला पाठवायचंय का सगळ्यांना?” वर्ग हसला. मी कानाला खडा लावला आणि नंबर पुसून नावं द्यायला बसलो.

त्यांचं सर्वांत लाडकं वाक्य मात्र वेगळं होतं. पानाच्या वर नावांची ओळ करायची, त्यातल्या नावावर क्लिक केलं की पान सरकत जाऊन त्या आयडीच्या तुकड्यापाशी थांबतं. या क्लिक करण्याला मॅडम ‘हाक मारणं’ म्हणायच्या. एखाद्यानं कितीही देखणं पान केलं, रंग भरले, फोटो घातले, तरी त्या कौतुक करायच्या आधी म्हणायच्या, “हाक मारून बघा.”

माझी त्या हाकेनं चांगली जिरवली. आमच्या घराण्यात दोन आत्या. थोरली आत्या म्हणजे जहाल प्रकरण, सगळ्या घरावर तिचा दरारा. धाकटी गरीब गाय. मी दोघींनाही आयडी दिला ‘आत्या’, इंग्रजी अक्षरांत. आत्याला आत्या म्हणू नये तर काय म्हणावं? मग आत्या या आयडीला केशरी रंग दे, असं लिहिलं. दोघींच्या चौकटी केशरी झाल्या. मी खूश. म्हटलं, बघा, काही बिघडलं नाही. मॅडम नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “हाक मारून बघा.” मी थोरलीच्या नावावर क्लिक केलं, पान थोरलीपाशी गेलं. धाकटीच्या नावावर केलं, पान पुन्हा थोरलीपाशीच. पुन्हा केलं, पुन्हा थोरली. मी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. माउस झटकला. धाकटी आत्या खाली छान केशरी चौकटीत बसली होती, पण तिच्यापर्यंत काही केल्या पोचता येईना. मी म्हटलं, “तुमचं मशीन खराब आहे.”

मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “मशीन बरोबर आहे. एकाच नावाचे दोघं असले की हाक पहिल्यालाच जाते. दुसरं कोणी असेल हे मशीनच्या गावीही नसतं.”

“पण रंग तर दोघींना लागला की!”

“तिथेच तर फसतं माणूस,” त्या म्हणाल्या. “रंग दोघींना लागतो. कपडे दोघींना मिळतात. बघणाऱ्याला वाटतं सगळं छान आहे. हाक मारली की कळतं.” एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या नाहीत. जरा वेळ माझ्या पडद्याकडेच बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “धाकटीला तिचं नाव द्या, काका. बिचारी कधीची बसलीय.” मी धाकटीच्या आयडीत ‘कमल’ लिहिलं. हाक मारली. पान थोरलीला ओलांडून सुळकन खाली गेलं आणि कमल आत्यापाशी थांबलं. मला त्या वयात इतका आनंद व्हायचं कारण नव्हतं, पण झाला.

महिन्याभरानं सगळ्यांची आपापल्या घरातल्या माणसांची पानं तयार झाली. सनानं विचारलं, “मॅम, तुमच्या घरचं पेज दाखवा ना.” मॅडम म्हणाल्या, “चांभाराची बायको अनवाणी, हे ऐकलं नाहीस का? नाही केलेलं.” आणि लगेच दुसरा विषय काढला. इतका लगेच, की माझ्यासारख्या ठोकळ्यालाही ते जाणवलं.

एव्हाना माझं त्यांच्याकडे क्लासनंतर चहाला थांबणं सुरू झालं होतं. त्यांच्या वडिलांच्या दुकानातून माझ्या आईनं एकदा तांब्याचा बंब घेतला होता, एवढ्या धाग्यावर आईंनी मला आपलासा करून टाकलं होतं. त्या दिवशी आई झोपल्या होत्या. मी चहा पिता पिता समोरच्या फडताळाकडे पाहिलं, तर देवाच्या तसबिरीशेजारी एक लहानशी चांदीची वाटी. तिच्यावर घातलेलं ‘चि. विजया’. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, “तुमची का लहानपणची?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “विजयाची.”

मला काही उमजेना. त्यांनी ते पाहिलं आणि कपातला चहा संपवून सरळ सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती बाई नव्हती. त्यांच्या आधी एक मुलगी झाली होती, विजया. चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली. वर्षाच्या आत ह्या जन्मल्या. आजीनं जाहीर केलं, विजयाच परत आली, आणि बारशाला कानात तेच नाव सांगितलं. विजयाची झबली ह्यांना, विजयाचे वाळे ह्यांना, विजयाचा पाळणा ह्यांना. “विजयाला बोरं आवडतात, म्हणून मला बोरं. मला बोरांनी खोकला यायचा. विजया बेडकाला घाबरते, म्हणून मला बेडकापासून लांब ठेवायचे. मला बेडूक फार आवडायचे, काका.” त्या हसल्या. “फक्त ती वाटी तेवढी मला कुणी दिली नाही. माझी वाटी कोरी. खाली दुकानात अख्ख्या पुण्याच्या भांड्यांवर नावं घालून मिळायची आणि मालकाच्या मुलीची वाटी कोरी. बाबा म्हणायचे, आहे की एकावर नाव घातलेलं, पुन्हा कशाला?”

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ते सगळं जाऊ दे. आजी गेली, बाबा गेले. माझं मागणं एकच आहे. आईनं मला आजवर कधी नावानं हाक मारलेली नाही. एकदाही नाही. विजया नाही, विजू नाही. पन्नास वर्षं नुसतं अगं. ते नाव तिनं पहिलीला दिलंय आणि ते तिच्यापाशीच आहे. आई जायच्या आत एकदा मला नावानं हाक मारावी. बस.”

“मग तुम्ही नाव बदलून का नाही घेतलंत?” मी म्हटलं. “रीतसर अर्ज करून होतं ते.” आवक-जावक टेबलावरचा माणूस दुसरं काय सुचवणार?

“घ्यायला निघाले होते, कॉलेजात असताना,” त्या म्हणाल्या. “पण मी तुम्हाला काय शिकवते? आयडी बदलला की जुन्या नावानं येणारी हाक हवेत जाते. आईनं एखाद दिवशी मारलीच असती हाक, आणि मीच त्या नावाची राहिले नसते तर?”

मला पहिल्या दिवशीची ती उशिरा आलेली स्नेहल आठवली. मी कप विसळायला घेतला. घरी मी कधी कप विसळत नाही.

थंडीत आईंना न्यूमोनिया झाला. काही दिवस दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं, पण अंगात ताकद राहिली नव्हती. मॅडमनी क्लास बंद ठेवला नाही, फी घेतलीय म्हणाल्या. त्या पुढच्या खोलीत शिकवत असताना आईंपाशी कोणीतरी बसायला हवं, म्हणून मी बसू लागलो. एका दुपारी आईंना झोपेतच कण्हल्यासारखं झालं आणि त्या एकदम मोठ्यांदा म्हणाल्या, “विजू! विजू गं!”

पुढच्या खोलीत वाक्य तुटलं. मॅडम धावत आल्या. ‘आले’ म्हणायलाही थांबल्या नाहीत. हातात मार्कर तसाच, चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता. शाळेतून बक्षीस घेऊन घरी आलेल्या पोरीचा असतो तसा. “आई, मी इथेच आहे. काय हवंय?” आईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि हात हलवून म्हणाल्या, “तू नाही गं. ती.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. पांघरूण नीट केलं आणि परत गेल्या. बाहेर त्यांचा आवाज आला, “तर, एका पानावर एक नाव एकदाच वापरायचं.” वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच त्यांनी ते जोडलं होतं.

मला राग आला. खरं सांगतो, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईचा मला राग आला. त्या जाग्या झाल्यावर मी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कानाशी वाकून म्हणालो, “काकू, एक विचारू? तुमची एक विजया गेली, कबूल. पण दुसरी समोर उभी आहे. सगळा जन्म तुमचं करतेय. तिला कधी नावानं हाक मारत नाही तुम्ही, हे बरं आहे का?”

मला वाटलं त्या चिडतील, नाहीतर ऐकूच गेलं नसेल. पण गेलं होतं. त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. मग नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलू लागल्या.

“दामले, पहिली गेली ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात भात कालवत होते. मला काय ठाऊक? मी आपली हाका मारतेय. विजू, ऊठ गं, दोन घास खा. विजू, ओ दे गं. पुन्हा हाक, पुन्हा हाक. आतून ओ नाही. शेवटी ताट घेऊन गेले, तर…” त्यांनी हातानंच पुढचं सांगितलं. “मग ही झाली. सासूबाईंनी नाव ठेवलं तेच. मला कोण विचारतंय? बारशाला सगळ्या बायकांनी त्या नावानं हाक मारली, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला वाटायचं, त्या नावानं हाक मारली आणि हिनंही ओ दिली नाही तर? माझी जीभच वळायची नाही हो. म्हणून मी अगं म्हणायला लागले. अगं म्हटलं की ही ओ देते. पाळण्यात होती तेव्हापासून देते, नुसती हुंकारायची. आजवर एकदाही चुकली नाही. ते नाव गेलेलीचं आहे, ते मी हिला कशाला लावू? हिचं हे आहे. मी दुसऱ्या कुणाला म्हणते का अगं? सांगा बघू.”

मी आठवून पाहिलं. सुनंदाबाई, ए मुली, दामले. खरंच, दुसऱ्या कुणाला मी त्यांना अगं म्हणताना ऐकलं नव्हतं. सगळ्या पुण्यात बाया एकमेकींना अगं म्हणतात, पण त्या घरात, त्या आवाजात, ते एकीचंच होतं.

माझ्या लक्षात आलं की बाहेर शिकवण्याचा आवाज येत नाहीये. आईंचं बोलणं मोठ्यानं, दार उघडं, सगळ्या वर्गानं सगळं ऐकलं होतं. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागे सना मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत होती. आईंची नजर दाराकडे गेली आणि त्या नेहमीसारख्या खेकसल्या, “अगं, अशी खांबासारखी काय उभी राहिलीस? पाणी दे.”

“ओ, आले,” मॅडम म्हणाल्या. पाणी पाजताना अर्धं आईंच्या पदरावर सांडलं आणि त्याबद्दलही त्यांना बोलणी खावी लागली.

त्या दिवशी जाताना जिन्यात त्या मला एवढंच म्हणाल्या, “मला वाटायचं, मला नाव नाही म्हणून ती अगं म्हणते.” मी म्हटलं, “होतं की.” याहून बरं काही सुचलं असतं तर बोललो असतो.

होळीच्या सुमारास आई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या फारसं बोलत नव्हत्या, पण अगं म्हणत होत्या, काम नसताना सुद्धा. मॅडम प्रत्येक वेळी ओ देत होत्या. दिवसकार्य आटोपल्यावर क्लास पुन्हा सुरू झाला, आमच्या तुकडीचे थोडे धडे राहिले होते ते पूर्ण झाले. पण त्या घरात त्यांना करमेना. शिकवता शिकवता त्या मध्येच थांबायच्या आणि मागच्या दाराकडे कान द्यायच्या. मग लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायचं काम मिळालं, तिथेच राहायचीही सोय झाली. कसब्यातला क्लास बंद करायचं त्यांनी ठरवलं.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. सनानं पेढे आणले होते. मनू आणि स्नेहल एकाच बाकावर बसल्या होत्या, आता त्यांची गट्टी झाली होती. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यांनी आपापली पानं दाखवलीत. माझं राहिलं होतं.” आणि त्यांनी प्रोजेक्टरवरून भिंतीवर पान लावलं. साधंच, पांढरं, रंगबिंग काही नाही. वर नावांची ओळ : आजी, बाबा, आई, विजया, अगं.

“काका, पुढे या,” त्या म्हणाल्या. “हाक मारून बघा.”

मी टेबलापाशी गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. आधी विजया या नावावर क्लिक केलं. पान सरकलं आणि चांदीच्या वाटीच्या फोटोपाशी थांबलं. खाली लिहिलं होतं : ‘माझी मोठी बहीण. हिला बोरं आवडायची.’ मी वर आलो. चष्मा पुसला, उगाचच. मग शेवटच्या नावावर क्लिक केलं. पान आजीला ओलांडून, बाबांना, आईंना, विजयाला ओलांडून खाली खाली गेलं आणि एका चौकटीपाशी अलगद थांबलं. तिच्यात फोटो नव्हता. ‘क्लास घेते. बेडूक आवडतात.’ एवढंच होतं.

आणि माझ्या मागून, हळूच, मॅडमचा आवाज आला, “ओ.”